मूठ आणि वजनकाटा

पन्नास माणसांच्या बिर्याणीला आमच्या घरातली कोणतीही बाई घाबरत नाही. तांदूळ किती, मटण किती, मीठ किती, हे विचारायची वेळच येत नाही. हात डब्यात जातो आणि बरोबर तेवढे घेऊन बाहेर येतो. सांदणाचे पीठ आंबले की नाही, हे झाकण उघडताच वासावरून कळते. पण याच बायकांपुढे अर्ध्या किलोच्या साध्या केकचा विषय काढला, की सगळ्या एकमेकींकडे बघू लागतात. 'ते बेकरीवाल्यांचे काम, आपल्याला जमायचे नाही,' असे कुणीतरी म्हणते आणि विषय तिथेच संपतो.

आमच्याही घरात असेच होते. लग्नात भेट आलेला एक ओव्हन सहा वर्षे ओट्याखाली होता आणि त्यात पापडांचे डबे राहत होते.

'आम्ही' म्हणजे एका घरातल्या तिघी. दोघी जावा आणि एक नणंद, जी लग्नानंतर याच गावात दोन गल्ल्या पलीकडे राहते. रायगड जिल्ह्यात खाडीकाठी आमचे गाव आहे. आमच्या सासूबाईंना घरात सगळेच अम्मी म्हणतात, म्हणून इथेही तसेच लिहितो. ओव्हनमधले पापड बाहेर काढायची वेळ आमच्यावर का आली, तेवढे आधी सांगायला हवे.

आमच्या मोहल्ल्यात पावाची एक लाकडी भट्टी होती. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत घरोघरी मैदा, तूप आणि साखर मळली जायची. नानखटाया ट्रेमध्ये मांडून मुलांच्या डोक्यावर भट्टीवर जायच्या. पाव निघाल्यावर जी आच उरते, तिच्यावर भट्टीवाले चाचा त्या भाजून द्यायचे. दर ट्रेमागे मजुरी ठरलेली. कुणाचा ट्रे कुठला हे कळावे म्हणून प्रत्येक घराची खूण असे. आमच्या घराची खूण म्हणजे प्रत्येक नानखटाईवर मधोमध एकच चारोळी. चाळीस वर्षे अम्मींनी अशाच नानखटाया केल्या. शीरखुर्म्याच्या वाटीशेजारी त्या नसतील तर ईद पुरी झाल्यासारखी वाटत नसे.

मग चाचा थकले. त्यांची मुले आखातात गेलेली, भट्टी चालवायला मागे कुणी नव्हते. भट्टी थंड झाली. त्याच वर्षी अम्मींचे हात थरथरू लागले. चहाचा कप बशीवर वाजायला लागला तेव्हा आमच्या ते लक्षात आले. डॉक्टरांनी औषध दिले, पण पीठ मळण्याचे काम आता होणार नाही हे अम्मींनी स्वतःच ओळखले. त्या ईदला पहिल्यांदा बाजारची नानखटाई घरात आली. अम्मींनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, 'तूप नाही यात,' एवढेच म्हणाल्या आणि उरलेली बशीत ठेवून दिली.

पुढच्या रमजानला साडेदहा महिने होते. तेवढ्या वेळात घरच्या ओव्हनमध्ये अम्मींची नानखटाई करता यायला हवी, असे आम्ही तिघींनी ठरवले.

शिकायला बसलो तेव्हा आधी आम्हाला आमची भीती समजून घ्यावी लागली. चुलीवरच्या स्वयंपाकात बाई शेवटपर्यंत हजर असते. मीठ कमी वाटले, घातले. रस्सा पातळ झाला, आटवला. कांदा लाल होतोय, आच कमी केली. दहा वेळा झाकण उघडून दहा वेळा दुरुस्ती करता येते. भाजणीच्या कामात मात्र दार एकदा बंद झाले की हात आखडते घ्यावे लागतात. मिश्रणात सोडा कमी पडला हे ओव्हनमध्ये अर्धा तास गेल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणजे सगळी अक्कल दार बंद करण्याआधी वापरायची. आणि ज्या कामाचा हाताला सराव नाही, त्यात ही अक्कल दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावी लागते. ती लिहिलेल्या पाककृतीतूनच मिळते.

पण कोणत्या पाककृतीतून? आमच्याकडे थोरलीच्या आजीची एक वही होती. त्यात लिहिलेले: 'मैदा लागेल तेवढा, तूप पावशेर, साखर चवीपुरती, मंद भट्टीवर भाजणे.' यातला पावशेर म्हणजे किती? आज बाजारात पाव म्हणजे २५० ग्रॅम. पण मेट्रिक वजनांचा कायदा आपल्याकडे १९५६ मध्ये झाला आणि त्यानंतर हळूहळू शेर गेला. ८० तोळ्यांच्या शेराचा पाव साधारण २३३ ग्रॅम भरतो. शिवाय शेर गावोगाव वेगळा असे आणि कित्येक ठिकाणी तो वजनाचा नसून मापाचा असे. आजींना त्या पावशेराचा अर्थ पक्का ठाऊक होता. त्यांनी ती वही स्वतःसाठी, आठवण राहावी म्हणून लिहिली होती. दुसऱ्या कुणाला शिकवावे म्हणून ती लिहिलेलीच नव्हती.

असे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. जुन्या इंग्रजी पाककृतींतही 'अंड्याएवढे लोणी' आणि 'चहाचा कपभर पीठ' असेच लिहिलेले असायचे, आपल्या 'लिंबाएवढ्या चिंचे'सारखे. अमेरिकेत बोस्टनच्या पाकशाळेत शिकवणाऱ्या फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ मध्ये आपले पुस्तक काढले. कप आणि चमचा भरला की वरून सुरी फिरवून सपाट करायचा, हा त्यांचा आग्रह होता. शीग लावून भरलेला चमचा आणि सपाट चमचा यांत किती फरक पडतो, हे ज्यांनी सोडा मोजला आहे त्यांना सांगायला नको. ज्या मुलींच्या घरी शिकवणारे कुणी नाही, त्यांनाही पुस्तक उघडून तोच पदार्थ करता यावा, एवढी साधी सोय त्या सपाट चमच्याने झाली.

आम्ही पाककृती निवडताना एक कसोटी लावली. त्यात वजन ग्रॅममध्ये हवे, भांड्याचा आकार हवा, ओव्हनचे तापमान हवे, वेळ हवी, झाले हे ओळखायची खूण हवी, आणि जमल्यास प्रत्येक पायरीचे कारण हवे. यातले काहीच नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, ती पाककृती बाजूला ठेवायची. पहिल्यांदा करणाऱ्या बाईसाठी लांबलचक पाककृतीच सोपी असते. चार ओळींची पाककृती दिसते सोपी, पण तिच्यातल्या न लिहिलेल्या गोष्टी माहीत असणारीलाच ती उपयोगी पडते.

पहिली खरेदी वजनकाट्याची केली. चारशे रुपयांच्या आत मिळाला. तो आल्याच्या दुपारी आम्ही एक प्रयोग केला. एकच कप घेतला, २४० मिलिलिटरचा. त्यात मैदा चमच्याने हलके टाकत भरला, वरून सपाट केला आणि तोलला, तर १२० ग्रॅम. मग तोच कप डब्यात खुपसून भरला, तर १४० च्या वर. मग दाबून भरला, तर १५० पार. कप तोच, मैदा तोच, आणि फरक जवळजवळ पाव कपाचा. 'एक कप मैदा' असे लिहिणाऱ्याने यातला कुठला कप धरला असेल? ग्रॅम लिहिले असतील तर हा प्रश्नच उरत नाही. काट्यामुळे भांडीही कमी लागतात. एकच पातेले काट्यावर ठेवायचे, आकडा शून्यावर आणायचा, मैदा घालायचा, पुन्हा शून्य, साखर, पुन्हा शून्य.

दुसरी खरेदी ओव्हनच्या आत ठेवायच्या छोट्या तापमापकाची. आमच्या ओव्हनची कळ १८० वर ठेवली की आत २०० च्या आसपास होते, हे त्याने सांगितले. घरगुती ओव्हनमध्ये असा फरक नेहमी आढळतो. तो कळला की मग त्याची भीती राहत नाही, कळ थोडी मागे ठेवायची एवढेच. विजेचाही हिशेब केला. १५०० वॅटचा ओव्हन तासभर अखंड चालला तरी दीड युनिट होते, आणि आतली उष्णता हवी तेवढी झाली की तो मधूनमधून बंदच होत असतो. घरातल्या पुरुषांच्या बिलाबद्दलच्या शंका यामुळे मिटल्या.

मग शुक्रवारी दुपारी केक करायचा असे ठरले. पहिला केक सगळ्यात जुन्या हिशेबाचा निवडला. अंडी, लोणी, साखर आणि मैदा, चौघांचे वजन सारखे. तीन अंडी कवच काढून साधारण १५० ग्रॅम भरतात, म्हणून बाकी तिन्ही १५० ग्रॅम. त्यात सपाट एक छोटा चमचा बेकिंग पावडर, म्हणजे ५ मिलिलिटरचा चमचा. सात इंची भांडे, खाली बटर पेपर, १७० अंश, ४० ते ४५ मिनिटे. विणायची सुई मधोमध खुपसून कोरडी बाहेर आली की झाला. चार शुक्रवार हाच केक केला. दर आठवड्याला नवा पदार्थ करून बघण्यापेक्षा एकच पदार्थ चारदा केल्याने हाताला जास्त समजले. चौथ्या शुक्रवारी धाकटीने वही न उघडता मिश्रणाकडे बघून सांगितले, 'आज लोणी अजून पाच मिनिटे फेसायला हवे.' ती आता बिर्याणीबद्दल बोलते तशी केकबद्दल बोलत होती.

कारणे लिहिलेली असल्याचा मोठा फायदा झाला. 'लोणी खोलीच्या तापमानाला आणा' असे बहुतेक पाककृतींत असते. पण ज्यांनी ते लिहिले त्यांची खोली २० अंशांची. आमच्या कोकणात मे महिन्यात स्वयंपाकघर ३३ अंशांवर असते, तिथे लोणी तासभर बाहेर ठेवले तर त्याचे पाणी होते. लोणी मऊ कशासाठी हवे, तर साखरेबरोबर फेसताना त्यात हवा कोंडली जावी यासाठी. वितळलेल्या लोण्यात ती हवा टिकत नाही. हे कारण माहीत असल्यामुळे आम्ही लोणी फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटांतच वापरायला घेतले. बोट दाबले की खड्डा पडावा, पण बोट आरपार जाऊ नये. ही खूण बोस्टनमध्ये आणि आमच्या खाडीवर सारखीच चालते.

सोडा आणि बेकिंग पावडर यांचेही तसेच. खाण्याचा सोडा आंबट पदार्थ भेटल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्यासोबत दही, ताक किंवा लिंबू असते. बेकिंग पावडरमध्ये सोडा, त्याला लागणारा आंबट क्षार आणि दोघांना कोरडे ठेवणारे पिठूळ असे आधीच एकत्र असते. म्हणून एकाच्या जागी दुसरे तेवढ्याच मापाने चालत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे डब्यातली पावडर दमट होऊन निकामी होते. चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकावी. फसफसली तर चांगली, नुसती विरघळली तर टाकून द्यावी. सोडा तपासायचा असेल तर त्यावर लिंबू पिळावे. दोन मिनिटांचे काम आहे, पण त्यामुळे अंडी आणि लोणी वाया जात नाही.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते, ती हलालची. बेकिंगचे सामान आणायला गेलो की पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीच लागतात. जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासून होते आणि त्यात डुकराचेही असू शकते. ४७१ हा क्रमांक ज्या घटकाचा आहे तो वनस्पतीच्या चरबीपासूनही होतो आणि प्राण्याच्याही. १२० क्रमांकाचा लाल रंग किड्यांपासून काढतात. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर या तिन्ही गोष्टींची काळजी मिटते, कारण तो पदार्थ शाकाहारी असल्याची ती खूण आहे. पण हिरवा ठिपका मद्यार्काबद्दल काहीच सांगत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. व्हॅनिलाचा अस्सल अर्क मद्यार्कात मुरवलेला असतो, आणि बाजारातल्या इतर इसेन्समध्ये काय आहे ते लेबल वाचूनच कळते. कुठे मतभेद असतील तिथे आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही सोपा मार्ग घेतला. व्हॅनिला केकमध्ये फक्त वासासाठी असते. ती गाळली म्हणून केक कमी फुगत नाही. म्हणून आम्ही वेलची घातली, कधी लिंबाची किसलेली साल, कधी जायफळ. जिलेटिनच्या जागी रमजानमध्ये घरात असणारे चायनाग्रास चालते, पण ते चांगले उकळून विरघळवावे लागते. कोणता घटक काय काम करतो हे पाककृतीने सांगितलेले असेल, तर काय बदलता येईल आणि काय नाही, हे आपले आपल्याला ठरवता येते.

असे सहा महिने गेले. केक जमला, पाव जमला, खारी बिस्किटे जमली. शेजारच्या दोघी-तिघी शिकायला येऊ लागल्या. नानखटाईला मात्र आम्ही हात लावला नव्हता, कारण तिची पाककृती कुठेच लिहिलेली नव्हती. ती अम्मींच्या हातात होती आणि त्या हातांना आता सकाळचे औषध घेतल्यानंतरचा तासभरच काय तो आराम असे.

एका सकाळी आम्ही ओट्यावर मैद्याचा डबा, परात आणि काटा मांडला. अम्मींनी काट्याकडे बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला.

'माझ्या हातावर भरोसा नाही का पोरींनो?'

थोरली म्हणाली, 'तुमच्या हातावर आहे अम्मी, आमच्या हातावर नाही.'

अम्मी काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, 'मी गेल्यावर वाचायला लिहिताय ना?'

त्यांना घाईने 'नाही, नाही' म्हणणे आमच्यापैकी कुणालाच जमले नाही. शेवटी नणंद त्यांच्याजवळ बसली. 'अम्मी, या ईदला तुझ्या पुढ्यात ठेवायला लिहितोय. तू खाऊन सांगायचे, जमली की नाही.'

अम्मींनी बिस्मिल्लाह म्हणून डब्यात हात घातला. मैद्याची मूठ परातीत टाकली. काट्यावर आकडा आला, ६६. दुसरी मूठ, ६५. तिसरी मूठ, ६७. 'झाला मैदा,' त्या म्हणाल्या. आम्ही तिघी त्या आकड्यांकडे बघत राहिलो. हात थरथरत होता, परातीच्या कडेला पीठ सांडत होते, आणि तरी तीन मुठींत दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला नव्हता. आम्ही वजनकाट्याला नवीन समजत होतो. आमच्या घरात तर तो चाळीस वर्षे होता.

बेसनाची मूठ सैल घ्यायची, ती ५० भरली. बारीक रवा अर्धी मूठ, २५. पिठीसाखर एका ठराविक पितळी वाटीने, ती वाटी भरून १४० ग्रॅम. तूप मात्र अम्मी मोजत नव्हत्या. घट्ट तूप डब्यातून बोटांनी काढायचे आणि 'पीठ मागेल तेवढे' द्यायचे. मग आम्ही तुपाचा डबा आधी तोलला आणि मळून झाल्यावर पुन्हा तोलला. पहिल्या दिवशी १६० ग्रॅम तूप गेले. आठ दिवसांनी १५२. पुढच्या वेळी १६८.

'हे असे का अम्मी?'

'हवा कशी आहे, मैदा किती कोरडा आहे, त्यावर असते ते. गोळा वळून अंगठ्याने दाबायचा. कडेला भेगा पडल्या तर पीठ अजून भुकेले आहे. हाताला तुपाचा ओघळ आला तर जास्त झाले.'

आम्ही ते शब्दशः लिहून घेतले. नुसता १६० चा आकडा लिहिला असता तर आमच्या मुलींपर्यंत अर्धीच नानखटाई पोचली असती. आणि नुसते 'पीठ मागेल तेवढे' लिहिले असते तर ती आजींच्या वहीसारखी झाली असती. आकडा सुरुवात कुठून करायची ते सांगतो, खूण कुठे थांबायचे ते सांगते. चांगल्या पाककृतीत दोन्ही लागतात, हे आम्हाला अम्मींच्या तुपाच्या डब्याने शिकवले.

ओव्हनचे तापमान आम्हाला ठरवावे लागले, कारण भट्टीच्या उरलेल्या आचेला आकडा नव्हता. अम्मींना फक्त रंग माहीत होता: वरून साईसारखी फिकट, खालून बदामी. त्या रंगाचा माग काढत आम्ही १६० अंशांवर आणि वीस मिनिटांवर येऊन थांबलो.

रमजान आला. ओव्हनपुढे बसून अस्रनंतर काम करताना आम्हाला एक गोष्ट नव्याने जाणवली. रोजात चव घेऊन बघता येत नाही. साखर पुरली की नाही हे इफ्तारपर्यंत कळणार नाही. अशा वेळी वहीत लिहिलेल्या वजनावर भरोसा ठेवून दार बंद करायचे आणि उठून नमाजची तयारी करायची. साडेदहा महिन्यांपूर्वी हे आम्हाला जमले नसते. त्या दिवशी तिघींपैकी कुणीही दाराच्या काचेतून वाकून बघत बसली नाही.

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याशेजारी बशी ठेवली. प्रत्येक नानखटाईवर एक चारोळी होती. अम्मींनी एक उचलली, उलटी करून खालचा रंग पाहिला, मोडली, तोंडात टाकली. आम्ही तिघी उभ्याच. त्यांनी ती पूर्ण खाल्ली. मग दुसरी घेतली. 'वेलची ताजी कुटा,' म्हणाल्या. 'बाकी अल्हम्दुलिल्लाह.' दुपारी शेजारच्या घरांत पाठवायचे डबे भरताना त्या स्वतः खुर्चीवर बसून कुणाकुणाला द्यायचे ती नावे सांगत होत्या. भट्टीवाल्या चाचांचा डबा त्यांनी सगळ्यात आधी भरायला लावला.

ज्या घरात असे जुने हात आहेत, तिथल्या बहिणींना आमचे एवढेच सांगणे आहे, की काटा आणा आणि आजच त्यांच्या शेजारी बसा. त्यांची मूठ तोला, वाटी तोला, डबा आधी आणि नंतर तोला. आणि त्या काम करताना जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. जिथे असे हात आता उरले नाहीत, तिथे सविस्तर लिहिलेली एखादी पाककृती हाताशी धरून तीच चारदा करा. इन्शाअल्लाह पाचव्या वेळी वही मिटलेली असेल.

आमच्या वहीतली पाककृती इथे देत आहोत. साधारण बावीस नानखटाया होतात.

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १४० ग्रॅम, घट्ट साजूक तूप १६० ग्रॅम, बेकिंग पावडर सपाट अर्धा छोटा चमचा, ताजी कुटलेली वेलची अर्धा छोटा चमचा, चिमूटभर जायफळ, चिमूटभर मीठ, वर लावायला चारोळी.

तूप पातळ असेल तर घट्ट होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावे. तूप आणि साखर पाच ते सात मिनिटे फेसावी. रंग पांढरट आणि पोत हलका झाला पाहिजे. मैदा, बेसन, रवा, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळून घ्यावे आणि वेलची-जायफळासह त्यात मिसळावे. कणकेसारखे जोर लावून मळू नये, मळले तर नानखटाई चिवट होते. गोळा जमेपर्यंतच हात चालवावा. अंगठ्याने दाबून बघावे. भेगा पडत असतील तर एकेक छोटा चमचा तूप वाढवावे. गोळा वीस मिनिटे झाकून ठेवावा. तेवढ्यात ओव्हन १६० अंशांवर तापवावा. २५ ग्रॅमचे गोळे तोलून घ्यावेत, म्हणजे सगळे एकाच वेळी भाजले जातात. किंचित चपटे करून, चारोळी लावून, दोन बोटे अंतर ठेवून ट्रेमध्ये मांडावेत. मधल्या खणात १८ ते २२ मिनिटे भाजावेत. वरून साईसारखा रंग आणि खालून बदामी झाला की बाहेर काढावेत. गरम असताना त्या मऊच लागतात, म्हणून कच्च्या राहिल्या असे समजून पुन्हा आत घालू नयेत. पावसाळ्यात डब्यात सादळल्या तर १५० अंशांवर पाच-सहा मिनिटे ठेवल्या की पुन्हा खुसखुशीत होतात.

शेवटची ओळ अम्मींनी स्वतः सांगून लिहायला लावली आहे. 'ट्रेमध्ये दहा मिनिटे पूर्ण थंड होऊ द्या. पोरांना तोपर्यंत बाहेर खेळायला पाठवा.'